पाचोडच्या भिंतीवरचा नंबर

जून महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, पाचोडच्या हौसाबाई आणि त्यांची मुलगी सीमा उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी आल्या. सीमाच्या नर्सिंगच्या प्रवेशअर्जात महाविद्यालयांची पसंती भरायची राहिली होती. अर्ज उघडण्यासाठी लागणारा सहा अंकी आकडा माझ्या मोबाइल नंबरवर पाठवला जात होता. तो नंबर मी दीड वर्षापूर्वी सोडला होता आणि गेले आठ महिने तो दुसऱ्याच कुणाचा होता. पसंती भरण्याची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता संपणार होती.

ही वेळ ज्याच्यामुळे आली त्याची माहिती आधी देणे योग्य. तो मीच.

क्रांती चौकाजवळच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला ग्रामीण भागाचा वार्ताहर होतो, मग डेस्कवर आलो आणि अखेरची सात वर्षे 'घरचा पहारा' नावाचे साप्ताहिक सदर लिहिले. घरातले फोन, संगणक, बँकेची खाती, कागदपत्रे आणि फोटो नेटवरच्या चोरांपासून कसे सांभाळावेत, हे त्या सदरात सांगत असे. मला त्यातले काही कळते म्हणून हे काम मिळाले नव्हते. संपादकांनी बैठकीत विचारले, "लाइट बिल नेटवरून कोण भरतं?" मी हात वर केला. बाकीच्यांनी केला नाही. विषयतज्ज्ञ म्हणून माझी निवड त्या दुपारी झाली.

मंगळवारी दोन ते चार वाचक फोन करत. सिडकोतल्या एका निवृत्त गृहस्थांनी सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून देवघरातल्या तसबिरीच्या मागे खोचले होते. मी त्यांना तो कागद जाळायला सांगितला. त्यांनी जाळला. पुढचे तीन महिने त्यांना पेन्शनची माहिती बघता आली नाही आणि त्या काळात ते दर मंगळवारी बरोबर दोन वाजता मला फोन करत राहिले. घरातल्या घरात, बाहेरच्याच्या नजरेला न पडणारा कागद ही फारशी वाईट सोय नाही, हे मला नंतर समजले. सदरात मात्र मी तसे कधी लिहिले नाही. चुकीची दुरुस्ती छापायला जागा नेहमीच कमी असते.

गारखेड्यातल्या एका बाईंनी 'वायफायमधून चोर येतात' हे माझे वाक्य वाचून त्या यंत्रावर पितळी पातेले पालथे घातले होते. घरातल्या कुणाचाच फोन चालेना, तेव्हा त्यांनी मला विचारले, "पण चोर तर थांबले ना?" मला नाही म्हणता आले नाही.

एका सोसायटीत व्याख्यान होते. मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत फोनचे कुलूप म्हणजे लग्नाचे साल, आणि ते साल हॉलमधल्या फोटोखाली लिहिलेलेच असते, असे सांगून मी तिथल्या तिथे तिघांचे फोन उघडून दाखवले. टाळ्या मिळाल्या. घरी आल्यावर माझी पत्नी सुमन हिने माझा फोन पहिल्याच प्रयत्नात उघडून दाखवला. ती वीज कंपनीच्या कार्यालयातून लेखनिक म्हणून निवृत्त झाली आहे. तिने साल सांगितले नाही, नुसते फोटोकडे बोट केले.

आता नंबरचे. नेटवरच्या व्यवहारात माणूस कोण हे यंत्राला चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून ते त्या माणसाच्या मोबाइलवर एक आकडा पाठवते आणि तो परत विचारते. आकडा बरोबर आला, की माणूस खरा. त्याला ओटीपी म्हणतात. याचा अर्थ असा, की ज्याच्या हातात तुमचा मोबाइल नंबर, त्याच्या हातात तुमच्या घराची किल्ली. 'ओटीपी कुणालाही सांगू नका. बँकेला नाही, पोलिसाला नाही, जावयालाही नाही' हे वाक्य मी सात वर्षांत किती वेळा लिहिले ते मोजलेले नाही.

याच काळात मी स्वतः रोज लोकांना ओटीपी वाचून दाखवत होतो. ते असे घडले.

सदर सुरू होण्याआधीच्या दुष्काळात आमचे दैनिक 'टँकर आला का?' नावाची चौकट रोज छापत असे. गावात टँकर आला नाही तर फोन करा, असे लिहून खाली माझा मोबाइल नंबर असे. पाचोडच्या बाजारात एका चहावाल्याने तो नंबर आपल्या भिंतीवर गेरूने रंगवून घेतला. एकेक अंक हातभर उंच. वर लिहिले, 'पाण्याची तक्रार'. बाजाराच्या दिवशी मी तिथे गेलो की त्या भिंतीखाली उभा राहून चहा पीत असे आणि कुणी ओळखते का ते बघत असे. या तपशिलाची मला लाज वाटते, पण तो खरा आहे.

भिंतीच्या समोर मुश्ताकचे दुकान होते. झेरॉक्स, फोटो, सरकारी अर्ज. दुष्काळी अनुदान, पीकविमा, रेशन, सगळे त्याच वर्षी संगणकावर गेले आणि प्रत्येक अर्जात मोबाइल नंबरचा रकाना आला. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या मेंढपाळ घरांत फोन नव्हते. ज्यांच्याकडे होते ते मेंढरांमागे नदीकाठी, जिथे रेंज नाही तिथे. मुश्ताकने नंतर मला जे सांगितले ते असे:

"भाऊ, मेरे कू दहा अंक पायजे होते. वो रकाना खाली सोडला तर कंप्युटर पुढं जात नाय. बाया म्हणायच्या, आमच्याकडं कुठलं फोन, तूच टाक कायतरी. कायतरी म्हणजे काय टाकू? सामने दीवार पे नंबर था. पेपरवाल्याचा, भरोशाचा. वोच मार दिया."

त्याच्या संगणकाने तो नंबर लक्षात ठेवला. पुढच्या अर्जाला तो आपोआप येऊ लागला.

मला पहिला संदेश आला तो कुणा अनोळखी बाईच्या खात्यात अनुदान जमा झाल्याचा. मला गंमत वाटली. मग फोन येऊ लागले. "पेपरवाले भाऊ का? मी अमक्या वस्तीवरून बोलती. आकडा आला का वो?" मी आकडा वाचून दाखवत असे. कोणाचा कोणता कळावा म्हणून मी एक वही केली. नाव, वस्ती, कशासाठी. वही डेस्कवर उघडी असायची. मी जागेवर नसेन तर जो कोणी फोन उचलेल तो ती चाळत असे. एका हाताने 'ओटीपी कुणालाही सांगू नका' लिहायचे आणि दुसऱ्या हाताने कानाला लावलेल्या फोनवर "चार, शून्य, शून्य, सात" म्हणायचे, यात मला कधी विसंगती जाणवली नाही. मी त्याला जनसंपर्क म्हणत असे.

हौसाबाईंची ओळख याच काळातली. त्यांच्या घरी मेंढ्या होत्या. दुष्काळात निम्म्या विकल्या, तेव्हापासून त्या रोजाने शेतावर जातात आणि बाजाराच्या दिवशी दोर वळून विकतात. त्या फोनवर आकडा एकदा ऐकत, मग मला उलट म्हणून दाखवत. "सात, शून्य, शून्य, चार. बरोबर का?" मी म्हणे, उलट नको, सुलट. त्या म्हणत, "दोर वळताना उलटं बगितलं की पीळ कळतो, भाऊ." त्यांची एकही चूक झाल्याचे वहीत नव्हते.

नंतर दोन पावसाळे बरे गेले. अनुदानाचे अर्ज थांबले. फोनही थांबले. धुळे-सोलापूर रस्ता रुंद झाला तेव्हा चहावाल्याची भिंत पाडली गेली आणि मुश्ताकचे दुकान आत सरकले. इकडे शहरही पसरत होते. आमचे कार्यालय क्रांती चौकातून जालना रस्त्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेले. त्या हलवाहलवीत माझी वही रद्दीत गेली. कोणत्या रद्दीत, हे निश्चित करता आले नाही.

निवृत्त झालो आणि मी स्वतःच्या घराचा पहारा नीट करायला घेतला. जुन्या नंबरवर दिवसाला दहा-बारा फसवे फोन येत. तो वर्षानुवर्षे पेपरात छापला गेला होता, तेव्हा यात नवल नव्हते. 'बँकेसाठी वेगळा नंबर ठेवा आणि तो कुणाला देऊ नका' हा माझाच सल्ला मी पाळला. नवा नंबर घेतला. वहीचे पान आखून एक यादी केली. बँक, गॅस, वीज, विमा, पेन्शन, घरपट्टी, सुमनचे खाते, मुलीकडचे फोटो. एकेका ठिकाणी जाऊन नंबर बदलला आणि बदलला की यादीत बरोबरची खूण केली. सतरा बाबी होत्या. सतराही पूर्ण झाल्यावर जुने सिम एका काडेपेटीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवले. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते, हे मला माहीत होते. त्यावर मी एक सदर लिहिले होते. यादीत पाचोड नव्हते.

त्या मंगळवारी, पेपरच्या कार्यालयात पत्ता विचारून आलेल्या हौसाबाईंनी चहा घेण्याआधीच सांगायला सुरुवात केली.

"भाऊ, तुमचा फोन कोण बाई उचलती. मी म्हनलं, भाऊला द्या. म्हनली, हितं कोणी भाऊ नाय. मला वाटलं, वैनी असतील, रागावल्या असतील."

"मी नाही हो," सुमन म्हणाली. "मी रागावते ते समोरासमोर."

सीमाने कागद काढले. बारावीला तिला चांगले गुण होते. प्रवेशाची नोंदणी मुश्ताकच्या नव्या दुकानातून झाली होती. दुकान सरकवताना त्याचा जुना संगणक गेला होता, पण नावे-नंबर त्याने नव्यात उतरवून घेतले होते. घराचे नाव टाकले की नंबर आपोआप आला. नोंदणीला आकडा लागत नव्हता, म्हणून त्याने तो नीट वाचलाही नाही. पासवर्ड सीमाला दिला होता, पण कागद हरवला. नवा पासवर्ड हवा तर आकडा नोंदवलेल्या नंबरवरच जाणार. तिने सोमवारपासून चार वेळा आठवेल तो पासवर्ड टाकून पाहिला होता. चारही चुकले होते.

मी मुश्ताकला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, मी सगळ्यांना एकच ठेवतो. गावाचं नाव, आणि पुढं एक-दोन-तीन. तुम्हीच लिवलं होतं ना, लक्षात राहील असा ठेवा."

मी असे लिहिले नव्हते. निदान पुढचे वाक्य वेगळे होते.

मी माझा संगणक उघडला. सीमा म्हणाली, "काका, नका. पाचव्याला बंद होतं, असं लिहिलेलं आहे तिथं."

मी म्हणालो, "असं लिहिलेलं असतं. मी सात वर्षं याच्यावर लिहीत होतो."

गावाच्या नावातले पहिले अक्षर मोठे की लहान, हे मुश्ताकला विचारायचे राहिले. मी मोठे टाकले. खाते चोवीस तासांसाठी बंद झाले. घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

सीमाने कागद पुन्हा पिशवीत घातले, मग पुन्हा बाहेर काढले. हौसाबाईंनी मला विचारले, "म्हंजे आता गेलंच का?" मी म्हणालो, नाही. त्या मुलीकडे बघत म्हणाल्या, "हिची थोरली बहीण दहावीनंतर बसली. लगीन झालं. हिचं म्या म्हनलं होतं, हिला नाय बसवायची."

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "सगळ्या मराठवाड्याला कुलपं वाटत फिरलात आणि किल्ली नेऊन टांगली पाचोडच्या भिंतीवर."

बारा वाजता मी माझ्याच जुन्या नंबरवर फोन केला. एका वयस्क बाईंनी उचलला. आवाज स्वच्छ आणि सावकाश होता.

मी नाव सांगितले, काय झाले ते सांगितले आणि उद्या दुपारी खाते उघडल्यावर त्या नंबरवर येणारा आकडा सांगावा अशी विनंती केली.

"ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो," बाई म्हणाल्या.

"बरोबर आहे. पण हे प्रकरण वेगळं आहे."

"प्रत्येकाचं वेगळंच असतं. फसवणाऱ्याचा आवाज फार सभ्य असतो आणि त्याला नेहमी घाई असते. पेपरात आलं होतं."

"बाई, ते मीच लिहिलं होतं."

"गेल्या महिन्यात एक जण बँकेचा मॅनेजर होता," बाई म्हणाल्या. "त्याच्या आधी एक जण पोलीस होता. लेखक पहिल्यांदाच आला."

मी त्या सदराचे नाव सांगितले, कोणत्या वारी येत असे ते सांगितले. त्या म्हणाल्या, ते तर पेपर घेणाऱ्या कुणालाही माहीत असेल. मी विचारले, मग मी मीच आहे हे कसे सिद्ध करू? त्या म्हणाल्या, "सहसा या नंबरवर ओटीपी पाठवून करतात," आणि फोन ठेवला.

बोलणे सगळ्यांना ऐकू जावे म्हणून मी फोनचा स्पीकर चालू ठेवला होता. सुमन पदर तोंडाला लावून आत गेली. हौसाबाई म्हणाल्या, "बाई कडक हाय. पर चोर नाय."

हे त्या वेळचे सगळ्यात महत्त्वाचे निरीक्षण होते आणि ते माझे नव्हते. तो नंबर कुणाही लबाडाच्या हाती गेला असता, तर वस्तीवस्तीवरच्या घरांची खाती, अनुदाने, कागदपत्रे त्याला आयती मिळाली असती. जुन्या सिमची काडेपेटी अजून ड्रॉवरमध्येच होती.

मायलेकी आमच्याकडेच राहिल्या. बुधवारी सकाळी आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळाला पाणी आले. हौसाबाईंनी सुमनच्या आधी हंडे लावले. मी क्रांती चौकात मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो आणि माझा जुना नंबर एका दिवसासाठी परत मिळेल का, अशी चौकशी केली. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिले.

"सर, हा नंबर दुसऱ्या ग्राहकाचा आहे."

"माहीत आहे. मी त्यांच्याशी बोललोय."

तिने माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. "तुम्ही ग्राहकाला परस्पर फोन केला? सर, असं करू नका. आणि माझ्याकडून काही माहिती मिळणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे." तिने मला एक पत्रक दिले. नंबर सोडण्यापूर्वी काय करावे, यावर. पहिलीच सूचना होती: 'तुमचा नंबर ज्यांनी ज्यांनी नोंदवला आहे त्या सर्वांना कळवा.'

दुपारी बारा वाजता खाते उघडले. आकडा मागवण्याचे बटण दाबण्यात अर्थ नव्हता. तो उदगीरला जाणार होता. उदगीर हे त्याच संध्याकाळी कळले. सहा वाजता बाईंचा उलट फोन आला.

"मुलीला द्या," त्या म्हणाल्या.

सीमाने फोन घेतला. बाईंनी तिला शाळेचे नाव विचारले. वर्गशिक्षिका कोण, बारावीला प्राणिशास्त्राचे प्रॅक्टिकल कोणते आले होते, आईचे माहेर कुठले. सीमा उत्तरे देत गेली, आधी बसून, मग उभी राहून. मग बाई म्हणाल्या, "ठीक आहे. तू खरी आहेस. तरी ओटीपी मी सांगणार नाही. आज तुला सांगितला तर उद्या तुझ्या नावाने दुसरी विचारेल. वही घे."

बाई उदगीरच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. प्रवेशाच्या दिवसांत जिल्ह्याच्या सुविधा केंद्रावर त्यांनी चार वर्षे काम केले होते. ज्याचा नंबर बंद झाला किंवा चुकला त्याने मूळ कागद घेऊन केंद्रावर स्वतः जायचे, तिथला अधिकारी कागद पडताळून नंबर बदलून देतो. दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो असलेले ओळखपत्र. छायाप्रती चालत नाहीत. शेवटच्या दिवशी रांग मोठी असते, म्हणून दार उघडायच्या आधी पोचायचे.

घराघराच्या नेट-सुरक्षेवर सात वर्षे लिहिणाऱ्या माणसाला ही सोय माहीत नव्हती.

बाईंनी मग मला फोन मागितला. "आठ महिन्यांत या नंबरवर जेवढ्या लोकांनी फोन केले त्यांची नावं, गाव, वार मी लिहून ठेवलेत. एक्केचाळीस आहेत. पाऊस लांबला तसे वाढले. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाचा मेसेज पुढे पाठवला नाही. मला वाटलं, कधीतरी कुणी जबाबदार माणूस विचारायला येईल."

मी म्हणालो, "मी आलोय."

"हो," बाई म्हणाल्या, "दीड वर्षानं."

शाळा सोडल्याचा दाखला पाचोडला होता. हौसाबाईंनी मुश्ताकला फोन लावायला सांगितला आणि मी बोलण्याआधीच फोन माझ्या हातातून घेतला. "मुश्ताक, घरी जा, पत्र्याच्या पेटीत दाखला हाय, पिवळ्या पिशवीत. तूच घिऊन ये, सकाळच्या पहिल्या गाडीनं. तूच घोळ घातला, तूच निस्तर." पलीकडून तो काही म्हणाला. "व्हय, पेपरवाल्या भावानं बी घातला," त्या म्हणाल्या. "पर त्यांना पेटी सापडायची नाय."

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता मुश्ताक दाखला घेऊन बसस्थानकावर उतरला. नऊ पंचावन्नला आम्ही केंद्रावर होतो. दार दहाला उघडणार होते. आमच्यापुढे त्रेसष्ट जण होते. रांगेत आई-बाप, मामा, शेजारी होते आणि बऱ्याच जणांच्या हातात घडी घातलेला मोबाइल नंबरचा कागद होता. पुढच्या एका गृहस्थांनी मला सांगितले, की त्यांच्या मुलाच्या अर्जात गावातल्या सायबर कॅफेवाल्याचा नंबर आहे आणि तो पुण्याला गेला. मी त्यांना काही सल्ला दिला नाही.

अडीच वाजता जेवणाची सुटी झाली. तीन वाजता रांग पुन्हा हलली. हौसाबाई दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि मग सीमाकडे. तीन चाळीसला आमचा क्रमांक आला. अधिकाऱ्याने गुणपत्रिका पाहिल्या, दाखला पाहिला, सीमाच्या चेहऱ्याकडे आणि फोटोकडे दोनदा पाहिले.

"नवा मोबाइल नंबर सांगा."

मी सांगायला सुरुवात केली. नऊ-आठ-दोन इथपर्यंत आलो असेन. तो माझा नवा नंबर होता, कुणालाही न द्यायचा.

"काका, थांबा," सीमा म्हणाली. "माझा फोन आहे ना माझ्याकडं. बारावीपासून आहे."

मुश्ताकने मान हलवली. "मैं तो विचारलाच नाय."

"मीही नाही," मी म्हणालो.

सीमाने स्वतःचा नंबर सांगितला, एकदा सुलट आणि अधिकाऱ्याने टाइप केल्यावर एकदा उलट. तीन बावन्नला तिच्या फोनवर आकडा आला. मी सवयीने विचारले, "किती आहे?"

तिने फोन छातीशी धरला. "कुणाला सांगायचा नसतो, काका," ती म्हणाली आणि स्वतःच टाकला.

चार वाजून एकतीस मिनिटांनी पसंतीक्रमांसह अर्ज जमा झाला. पोच छापून मिळाली. हौसाबाईंनी ती दोन्ही हातांनी धरून पाहिली, मग पिवळ्या पिशवीत ठेवली. सीमाने केंद्राच्या पायरीवरून उदगीरला फोन केला. बाईंनी वहीतल्या सीमाच्या नावावर पहिली रेघ मारल्याचे सांगितले.

सीमाचे नाव पहिल्या यादीत आले. ती सध्या शहरातल्या वसतिगृहात राहते.

पुढचे तीन महिने मी, मुश्ताक आणि उदगीरच्या बाई असे तिघे ती यादी घेऊन बसलो. बाई नावे सांगत, मुश्ताक माणसे शोधत असे आणि मी बँकांच्या व आधार केंद्रांच्या रांगेत उभा राहत असे. हा मजकूर दिवाळी अंकाकडे पाठवला तेव्हा बाईंच्या वहीत चार नावे उरली होती. तीन जण मेंढरांबरोबर गोदावरीच्या खालच्या अंगाला आहेत. चौथे नाव हौसाबाईंचे आहे. दोर वळून त्यांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. नंबर बदलण्यासाठी लागणारा त्यांचा ठसा आधार केंद्रातल्या यंत्राने तीनदा नाकारला आणि डोळ्यांचे यंत्र त्या केंद्रावर बंद होते. त्यांचे संदेश अजून उदगीरला जातात.